तुम्ही विचारलंत म्हणून: देवमासे खरंच पवनचक्क्यांमुळे मरतात का?

समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल वाचायचे आणि ते साध्या भाषेत लिहून द्यायचे हे माझं काम, आणि हे कुणाला कळलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतोच, "काय गं, ते देवमासे खरंच पवनचक्क्यांमुळे मरतायत का?" पवनचक्क्यांच्या बाजूने असलेल्या माणसाला माझ्याकडून "छे, काहीतरीच" ऐकायचं असतं, विरोधातल्याला "हो ना, दाबून टाकतात सगळं" ऐकायचं असतं, आणि मी जे सांगते त्याने दोघंही नाराज होतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे करीन.

तर देवमासे. हे प्रकरण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं. तिथे हंपबॅक देवमासे नेहमीपेक्षा जास्त मरायला लागले ते जानेवारी २०१६ पासून. आता त्या अख्ख्या किनाऱ्यावर समुद्रातल्या पहिल्या पवनचक्क्या, ऱ्होड आयलंडजवळच्या ब्लॉक आयलंडच्या, वीज द्यायला लागल्या त्याच वर्षाच्या डिसेंबरात, आणि त्या होत्या किती तर पाच. ज्या मेलेल्या देवमाशांची तपासणी करता आली त्यातल्या साधारण ४० टक्क्यांच्या अंगावर जहाजाची धडक किंवा जाळ्या-दोरांत अडकल्याच्या खुणा सापडल्या. पवनचक्क्यांसाठी समुद्रात चालणाऱ्या सर्वेक्षणाच्या आवाजाने देवमासे मेल्याचा पुरावा मिळालेला नाही असं तिथली समुद्र आणि हवामान बघणारी सरकारी संस्था, नोआ, सांगते. म्हणजे माझं उत्तर, आज हातात जे आहे त्यावरून, नाही.

पण इथे थांबले तर मी अर्धंच सांगितलं असं होईल.

एका अहवालाबरोबर पाण्याखालच्या माइकचं रेकॉर्डिंग आलं होतं. हेडफोन लावून ऐकत बसले. आधी नुसती सळसळ, मग ठण्ण. एक-दीड सेकंद शांत, परत ठण्ण. पवनचक्कीचा पोलादी खांब समुद्राच्या तळात ठोकतानाचा तो आवाज, आणि खांब म्हणजे काय तर हल्लीचे आठ-दहा मीटर व्यासाचे असतात, आत घर मावेल. एक खांब रोवायला असे हजारो ठोके. मी चार मिनिटांत हेडफोन काढून ठेवले. पॉरपॉइज म्हणून डॉल्फिनचा एक बुटका चुलतभाऊ असतो, तो कानाने बघतो असं म्हटलं तरी चालेल, क्लिक क्लिक आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर मासे शोधतो. ते क्लिक इतके बारीक की आपल्याला ऐकूच येत नाहीत, कॉम्प्युटरवर रेघा बघाव्या लागतात. ठोके सुरू झाले की त्या रेघा गायब. कित्येक किलोमीटरच्या परिसरातून हे प्राणी निघून जातात आणि ठोकाठोक थांबल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी परत येतात. मरत नाहीत, पण तुमच्या स्वयंपाकघरात कुणी दिवसभर ब्रेकर चालवला तर तुम्हीही मरणार नाही, म्हणून काय.

यावर उपाय आहे आणि मला तो फार आवडतो. खांबाभोवती तळावर भोकं पाडलेल्या नळीचं मोठं कडं पसरतात आणि जहाजावरच्या कॉम्प्रेसरने त्यात हवा सोडतात, मग तळापासून पृष्ठभागापर्यंत बुडबुड्यांचा पडदाच उभा राहतो. पाण्यातून आलेला आवाज हवेच्या त्या बुडबुड्यांवर आपटून विखुरतो. जर्मनीने नियमच केलाय, ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर एका ठोक्याचा आवाज १६० डेसिबलच्या आत पाहिजे, मग कंपन्यांना पडदे लावावेच लागले. (पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगळे मोजतात, तेव्हा हा आकडा लाउडस्पीकरशी ताडून बघू नका.) नियम नसता तर किती जणांनी आपणहून खर्च केला असता, मला शंका आहे.

पक्ष्यांचं जास्त गुंतागुंतीचं आहे. डेन्मार्कमध्ये न्यूस्टेडला रडार लावून बघितलं तर स्थलांतर करणारी बदकं आणि हंस पवनचक्क्यांना सरळ वळसा घालून जातात, धोका होईल इतकी जवळ जाणारी एक टक्काही नव्हती. छान. पण रेड-थ्रोटेड डायव्हर नावाचा पक्षी इतका बुजरा की तो पवनचक्क्यांच्या आसपासचा मैलोगणती समुद्रच सोडून देतो, आपटून एकही मेला नाही तरी त्याची खायची जागा गेलीच ना. आणि किटिवेक, हा कुरवांपैकी एक, त्याची गंमत बघा, म्हणजे गंमत नाही खरं तर. समुद्र तापतोय आणि त्याचं खाद्य असलेले बारीक मासे कमी होतायत, त्यामुळे तो आधीच अडचणीत, २०१७ मध्ये तो धोक्यातल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत गेला. तापमानवाढ रोखायला पवनचक्क्या हव्यात, एका युनिटमागे कोळशाचा कार्बन ८२० ग्रॅमच्या आसपास आणि समुद्रातल्या पवनचक्कीचा सगळं धरून साधारण १२. पण त्याच पवनचक्क्यांच्या पात्यांना लागून काही किटिवेक मरणार. तर इंग्लंडमध्ये हॉर्नसी नावाच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला परवानगी देताना भरपाई म्हणून पक्ष्यांना घरटी बांधून द्या अशी अट घातली, आणि सफोकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात खास घरट्यांचे मनोरे उभे राहिले. पक्ष्यांचं पुनर्वसन! ते माणसांच्या पुनर्वसनापेक्षा बरं होवो.

आता विरोध करणाऱ्यांबद्दल, कारण देवमाशांच्या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न तोच असतो, हे लोक भाबडे आहेत की कुणीतरी उठवलेले. पैसेवाले उठवणारे असतात, नाही असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ नँटकेट साउंड नावाचा समुद्राचा पट्टा आहे, तिथे २००१ मध्ये केप विंड नावाचा १३० पवनचक्क्यांचा प्रकल्प सुचवला गेला आणि २०१७ मध्ये तो गुंडाळला, सोळा वर्षं नुसती कोर्टकचेरी. विरोधात सिनेटर टेड केनेडी, ज्यांच्या घराण्याचं घर त्याच पाण्यावर, आणि कोळसा-तेलातून पैसा कमावलेले बिल कोक. तोंडी लावायला पक्षी, मासे, जहाजांची सुरक्षा सगळं होतं. यावर हसणं सोपं आहे, मीही हसायचे. पण त्याच विरोधात वाम्पनोआग हे तिथले मूळ रहिवासीही होते, आणि त्यांचं म्हणणं असं की पहाटेच्या सूर्याच्या विधीसाठी आम्हाला तो समुद्र आणि क्षितिज मोकळं लागतं. क्षितिज एकच. एकासाठी ते बंगल्यासमोरचा देखावा आणि दुसऱ्यासाठी देवघर, आणि अहवालात दोघंही एकाच रकान्यात जातात, "दृश्य परिणाम".

याच्या उलट कोपनहेगन. शहरापासून साडेतीन किलोमीटरवर, नजरेसमोर, २००० साली मिडलग्रुंडनला २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आधी तीन रांगांत २७ होत्या कागदावर, लोकांनी नको म्हटलं, मग २० झाल्या आणि एका कमानीत आल्या. तळाशी बंदरातला गाळ वर्षानुवर्षं टाकलेला, तो ढवळला तर विष वर येईल ही भीती होती, त्यावर तपासण्या झाल्या. आणि मुख्य म्हणजे निम्मी मालकी सहकारी संस्थेची, साडेआठ हजारांवर सभासद. खिडकीतून दिसणारी चक्की आपली असेल तर ती फिरताना बघायला मजा येत असणार, नाही का? मला तरी आली असती.

लोकांना समजावून सांगा, माहिती द्या, विरोध मावळेल, असं माझ्या क्षेत्रातले लोक सारखं म्हणतात, आणि मला ते पटेनासं झालंय. जुलै २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सजवळच्याच व्हिनयार्ड विंड प्रकल्पाच्या एका पवनचक्कीचं शंभर मीटरहून लांब पातं तुटलं आणि फायबरचे तुकडे नँटकेट बेटाच्या वाळूवर येऊन पडले, पोहायला बंदी घालावी लागली. अशा दिवशी तुम्ही काय समजावणार.

एका सुनावणीचं सांगते. एक म्हातारे मच्छीमार देवमाशाचं चित्र काढलेला पुठ्ठा घेऊन आले होते. मी माझं सगळं सांगितलं, ४० टक्के, जहाजं, बुडबुडे. ते ऐकत होते पण नजर भिंतीवरच्या नकाशावर. मासेमारी कुठे चालते त्याचा नकाशा, जास्त बोटी तिथे गडद रंग, नाही तिथे पांढरा, आणि पवनचक्क्या अर्थातच पांढऱ्या भागात. शेवटी ते उठले, नकाशापाशी गेले आणि पांढऱ्या भागावर अंगठा ठेवून म्हणाले, "इथे मी चाळीस वर्षं जातोय." असे नकाशे बोटीवरच्या उपग्रह यंत्राच्या नोंदींवरून करतात, आणि ते यंत्र मोठ्या बोटींनाच सक्तीचं होतं. लहान बोटी नकाशात नव्हत्याच. मला हे माहीत होतं, तळटीपही मीच लिहिली होती, फक्त समोर अंगठा ठेवून कुणी उभं राहीपर्यंत ते कधी खरं वाटलं नव्हतं.

मी त्यांना पेन दिलं. त्यांनी रेघा मारल्या, कुठल्या महिन्यात कुठे, मग मागच्या रांगेतले आणखी दोघं उठून आले आणि अर्धा तास नकाशावरच गेला. पुढे चार खांबांची जागा बदलली, बाकीच्यांची नाही, आणि ते आजोबा अजूनही प्रकल्पाच्या विरोधातच आहेत. पुठ्ठा मात्र ते खुर्चीखालीच विसरून गेले.