खोक्यातली बाटली

आमच्या बारमध्ये एक गृहस्थ नेमाने यायचे. वयाने मोठे, बोलणं मोजकं. हिरव्या बाटलीतली इंपोर्टेड लागर बिअर, दुसरं काही नाही. ‘बाहेरच्या बिअरचा वासच वेगळा,’ म्हणायचे.

त्या दिवशी फ्रिजमध्ये थंड बाटली नव्हती, म्हणून मी त्याच ब्रँडचा कॅन फोडून दिला. एक घोट घेऊन त्यांनी ग्लास सरकवला. “हा डुप्लिकेट माल आहे.”

मला ते फार लागलं. काउंटरवर उभं राहून मी खोटा माल विकत नाही. कॅनवरची तारीख ताजी होती, चवही स्वच्छ. मी आत गेलो, बंद खोक्यातली बाटली काढली, बर्फात घातली आणि त्यांच्यासमोर उघडली. तीही त्यांना ‘डुप्लिकेट’च वाटली.

मग खिडकीजवळच्या मांडणीकडे लक्ष गेलं. शोभेसाठी तिथे बाटल्यांची रांग असायची आणि रोज त्यातल्याच बाटल्या फ्रिजमध्ये जायच्या. त्यातली एक फोडली. ओतायच्या आधीच तो उग्र, कुबट वास नाकात शिरला.

“हीच!” ते म्हणाले.

प्रकाश पडला की बिअरमधलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व तो शोषतं, हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) कडू घटक तुटतात आणि गंधकाशी जुळून एक थायॉल, म्हणजे उग्र वासाचं गंधकयुक्त रसायन, तयार होतं. स्कंक नावाचा प्राणी जो दुर्गंध सोडतो, त्याच जातीचं रसायन. कडक उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी फारच थोडा, कॅन पूर्ण. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी ती रांग मीच लावली होती.

माझी स्वतःची आवड जुन्या धाटणीची. चेक देशातल्या पिल्झेन शहरात १८४२ साली जन्मलेली, साझ जातीच्या हॉप्सची सोनेरी लागर ताजी मिळाली तर मला दुसरं काही नको. किंवा एक, दोन, तीन वर्षं मुरलेल्या लॅम्बिकच्या, म्हणजे हवेतल्या यीस्टने आंबवलेल्या बिअरच्या, मिश्रणातून होणारी बेल्जियमची आंबट गूझ. तिच्यात मुरण्याचा वास असतो, पण तो ब्रुअरने जपलेला असतो. खिडकीतला वास कुणीच ठरवून घातलेला नव्हता.

त्यांना हे सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते.

“म्हणजे इतकी वर्षं मला बिघडलेलीच आवडत होती?”

“हो साहेब. आणि ती मीच देत होतो.”

त्यांनी दोन्ही ग्लास जवळ ओढले आणि आळीपाळीने घोट घेत राहिले. मी मांडणीवरच्या बाटल्या उतरवायला घेतल्या.