तुम्ही विचारलंत म्हणून: स्मार्ट मटेरियल्समधली फंडेड पीएचडी

"स्मार्ट मटेरियल्समध्ये पीएचडी करायचीय, स्कॉलरशिप कुठे मिळेल?" हे इतके जण विचारतात की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. (स्मार्ट मटेरियल्स म्हणजे उष्णता, दाब, वीज अशा गोष्टींना प्रतिसाद देऊन आपले गुण बदलणारे पदार्थ.) आधी स्कॉलरशिपचा नाद सोडा आणि जागा शोधायला लागा, कारण युरोपात बऱ्याच ठिकाणी पीएचडी ही चक्क नोकरी असते, जाहिरात निघते, इंटरव्ह्यू होतो, दर महिन्याला पगार येतो. नेदरलँड्समध्ये साधारण 4 वर्षांचा करार, जर्मनीत सरकारी वेतनश्रेणी, पण बरेचदा पूर्ण नाही, अर्धी किंवा पाऊण, तेव्हा टक्का किती ते जाहिरातीत नीट बघा.

सगळ्यात जास्त मी मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क्स, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशातून चालणाऱ्या पीएचडीच्या जागा, सुचवतो. जागा युरॅक्सेस या रिसर्चच्या नोकऱ्यांच्या युरोपियन पोर्टलवर येतात, राष्ट्रीयत्वाची अट नाही, पण एक नियम आहे जो लोक वाचतच नाहीत: भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. म्हणजे जिथे नुकतंच 2 वर्षांचं मास्टर्स केलं तिथेच अर्ज केला तर तो बाद. आणि फंडिंग बहुतेकदा 36 महिन्यांचं असतं, थीसिसला मात्र जास्त वेळ लागू शकतो, त्यामुळे पुढच्या पगाराचं काय हे इंटरव्ह्यूतच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. (मला स्वतःला फार आवडणारी गोष्ट: पायझोइलेक्ट्रिसिटी, म्हणजे स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होणं, 1880 मध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी शोधली, आणि पुढे मेरीने किरणोत्सर्ग मोजला तो याच तत्त्वावर चालणाऱ्या क्वार्ट्झच्या उपकरणाने. या फंडिंगला तिचंच नाव असणं किती योग्य आहे!)

सर्च करताना नुसतं "स्मार्ट" टाकून भागत नाही. शेप मेमरी (तापवल्यावर मूळ आकारात येणारे), पायझोइलेक्ट्रिक, सेल्फ हीलिंग (स्वतःच भरून येणारे), थर्मोक्रोमिक (तापमानाने रंग बदलणारे) असे शब्द टाका, चांगल्या जागा तिथे सापडतात.

आता ईमेल. "डिअर सर, आय ॲम हायली मोटिव्हेटेड" हे प्रोफेसर लोक रोज वाचतात आणि पुढे जातात. समजा ग्रुप स्मार्ट खिडक्यांसाठी, म्हणजे काच तापली की आपोआप उष्णता अडवणाऱ्या खिडक्यांसाठी, व्हॅनेडियम डायऑक्साइडवर काम करतोय. ते साधारण 68 अंश सेल्सिअसला धातूसारखं वागायला लागतं आणि इन्फ्रारेड अडवतं, पण खिडकीची काच काही इतकी तापत नाही, म्हणून टंगस्टन मिसळून तापमान खाली आणतात, आणि मग गरम आणि थंड काचेतला उष्णता अडवण्याचा फरकच बरेचदा कमी होतो. त्यांचा एक पेपर नीट वाचून या अडचणीवर चार ओळी लिहा, तुम्ही केलेलं काम त्याला कुठे जोडलं जातं ते सांगा, सीव्ही जोडा, बस. दीडशे ईमेल ढकलण्यापेक्षा असे दहा लिहा, मी मनापासून सांगतोय.

पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या रिसर्चच्या जागांचं, थोडक्यात. क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला डेडलाइनच्या आत पीएचडी झालेली हवी आणि नंतरचा रिसर्चचा अनुभव 8 वर्षांपेक्षा जास्त नको, डेडलाइन बहुतेक सप्टेंबरात असते. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनकडे मात्र वर्षभर कधीही अर्ज करता येतो. दोन्हीकडे यजमान प्रोफेसर आधी तयार असावा लागतो आणि प्रपोजल त्याच्याशी चर्चा करून लिहायचं असतं, म्हणून सप्टेंबर गाठायचा असेल तर त्याला वसंतातच लिहा, ऑगस्टमध्ये बरेच जण सुट्टीवर असतात.