क्रिस्पस अपडेट: ट्युरिअन शेवटी फुटले!

फुटले एकदाचे! मागच्या अपडेटमध्ये पोटॅमोजेटॉन क्रिस्पस या पाणवनस्पतीचे जे ट्युरिअन (म्हणजे झोपेत राहणाऱ्या, नवीन झाड देणाऱ्या टणक कळ्या) नुसते तळाशी पडून आहेत म्हणून लिहिलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या कडक तपकिरी खवल्यांच्या बेचक्यातून कोवळे हिरवे कोंब आलेत, एकाला तर बारीक पांढरं मूळही सुटलंय. सकाळपासून टबसमोरून हलावंसंच वाटत नाहीये.

घोडं अडलं होतं ते तापमानावर. लाइट वाढवून झाला, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडून झाला, रूट टॅब (मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या) घालून झाल्या, ढिम्म हलत नव्हते. मग या झाडाचं नैसर्गिक कॅलेंडर परत नीट बघितलं, ते बाकीच्या पाणवनस्पतींच्या बरोबर उलटं चालतं, हिवाळ्यात बर्फाखालीसुद्धा हिरवं राहतं, वसंतात सगळ्यांच्या आधी उंच होतं आणि उन्हाळा लागला की ट्युरिअन टाकून स्वतः कुजून जातं. ते ट्युरिअन गरम पाण्याचे महिने झोपून काढतात आणि पाणी गार व्हायला लागलं की उठतात. म्हणजे मी हीटर लावून त्यांना कायमचा उन्हाळाच दाखवत होतो की! मग हीटर काढला, टब गार कोपऱ्यात हलवला, लाइटचे तास कमी केले आणि पाणी गार ठेवायला त्यात गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहिलो. चिलर (पाणी गार करायचं यंत्र) घ्यायची काही गरज नाही, बाटल्यांनी मस्त काम होतं, फक्त काचेला चिकटवायचे पट्टीवाले थर्मामीटर घेऊ नका, त्यांच्या आकड्यावर खोलीच्या तापमानाचाही परिणाम होतो.

सीओटू पण आता बंदच करतोय. क्रिस्पस कार्बनसाठी पाण्यातलं बायकार्बोनेट वापरू शकतं, त्यामुळे केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) चांगला ठेवला तर सिलिंडरचा खर्च कशाला.

एका ऑनलाइन सेलरने क्रिस्पस म्हणून पाठवलेल्या झाडाची पानं लूपखाली (छोट्या भिंगाखाली) बघितली तर कडा एकदम गुळगुळीत! खऱ्या क्रिस्पसच्या लाटदार कडेला करवतीसारखे बारीक दाते स्पष्ट दिसतात, आणि पान थेट खोडाला बसतं पण त्याच्याच भाऊबंद पोटॅमोजेटॉन पर्फोलिएटससारखं त्याला कवेत घेत नाही. घेताना कडेचा क्लोजअप मागाच.

खरं तर सगळे कोंब मोठ्या टँकमध्ये लावणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं की अजून न फुटलेल्यांचे दोन गट करावेत, गारवा दोघांना सारखाच, एक उजेडात आणि एक झाकून पूर्ण अंधारात, म्हणजे नुसत्या गारव्याने भागतं की उजेडही लागतो ते कळेल. आणि प्लीज, छाटलेले तुकडे किंवा जादा ट्युरिअन ओढ्यात-तळ्यात टाकू नका, उत्तर अमेरिकेत हे बाहेरून आलं आणि आता तिथली तळी याने भरतात. कडक उन्हात पार वाळवा, मगच कचऱ्यात.