तुम्ही विचारलंत म्हणून: झोप नव्हे हो ती

साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकाकडे फिरायला निघालो की वाटेत एकजण तरी भेटतोच. "सर, प्राणी हिवाळाभर गारठून पडतात ती शीतनिद्रा म्हणजे एक प्रकारची समाधीच की!"

समाधी नाही. झोपही नाही. सगळा घोळ त्या 'निद्रा' शब्दाचा, आणि तो शब्द तीस वर्षं फळ्यावर मीच लिहिला, हेही खरं. अलास्कात बिळात राहणारी खार असते. हिवाळ्यात तिचं अंग उणे २.९ अंशांपर्यंत उतरतं, काळजाचे मिनिटाला दोनशेच्या वरचे ठोके दहाच्या आत येतात. थंडीनं गारठते म्हणून नव्हे. अंगातली चूल आधी बारीक होते, भांडं मागून निवतं. दोन-तीन आठवड्यांनी ती साठवलेली चरबी जाळून अंग तापवते, जागी होते आणि बराच वेळ चक्क झोपते! हिवाळ्याची बहुतेक शिदोरी या जागं होण्यातच संपते.

पाकोळीसारखी किडे खाणारी छोटी वटवाघळं हेच थोडक्यात, दिवसापुरतंही करतात. ते मला ठाऊक होतं. म्हणूनच ती सकाळ डोक्यातून जात नाही.

डिसेंबर, सकाळची शाळा. खिडकीच्या झडपेमागं पोरांना पाकोळी सापडली. डस्टरवर घेऊन आली. अंगठ्याएवढी, पंख छत्रीच्या काड्यांसारखे मिटलेले, केसांत खडूची भुकटी. गजासारखी गार. "सर, मेलीय?" मी मिनिटभर पाहिलं. छाती हलत नव्हती. "मेलीय. ठेव बाहेर." पोरानं ती उन्हात, कुंपणाच्या भिंतीवर ठेवली.

गारठलेलं वटवाघूळ कितीतरी मिनिटं श्वासच घेत नाही. हे मी वाचलेलं होतं, दरवर्षी सांगतही होतो. पण तास सुरू व्हायचा होता, चाळीस पोरं गलका करत होती. तुम्ही काय केलं असतंत?

मधल्या सुट्टीत पोरं ओरडली म्हणून बाहेर आलो. कावळ्यानं ती उचललीच होती. एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "जित्ती हुती की ओ सर. थरथरत हुती."

अंग तापवताना थरथरतात त्या. पोराला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, तो धडा पुढच्या आठवड्यात होता.

कावळ्याच्या ओढण्यानं पंख हलला असेल, असं मी स्वतःला सांगतो. पोरगं मात्र म्हणत होतं, कावळा तेव्हा भिंतीच्या पार त्या टोकाला होता.