बिबटीण परत आली

लोकांना वाटतं आम्ही वन्यप्राण्यांवर काम करणारे दिवसभर जंगलात भटकतो. मी नागपुरात बसून लॅपटॉपवर ठिपके बघतो. जनावराच्या गळ्यातली कॉलर दर चार तासांनी ते कुठे आहे याचा एक ठिपका पाठवते. एका जागी पाच-सहा साचले की शिकार झाली. रेषेत पळायला लागले की जनावराने काहीतरी मनात घेतलंय.

त्या दिवशी वनरक्षकांच्या प्रशिक्षणात बोलत होतो. विषय माझा जुनाच, अमेरिकेतल्या सुपिरियर सरोवरातलं आयल रॉयल बेट. तिथले लांडगे आपसातच वीण होऊन कमजोर होत होत 2018 पर्यंत दोनच उरले, तेही बाप-लेक. मूस (सांबराचा धिप्पाड भाऊबंदच म्हणा) दोन हजारांच्या घरात गेले, फर नावाच्या सूचिपर्णी झाडाची रोपं वाढू देईनात. मग 2018-19 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडले. पहिल्या चारांतली एक मादी जानेवारी 2019 च्या शेवटी, सरोवर गोठताच, बर्फावरून चालत निघून गेली. इथे मी नेहमी ‘बाई माहेरी गेली’ म्हणतो, आणि हशा होतो.

मागून एकाने विचारलं, “सर, मंग वापस आणलं का तिला?”

“नाही.”

“काऊन?”

मी काहीतरी ठोकून दिलं. चहाच्या सुट्टीत फोनवर नकाशा उघडला, तर आमचीच बाई रेषेत निघालेली.

काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत पकडलेली ही बिबट मादी. कॉलर मीच चढवली होती. डोळ्यांत मलम, वर पट्टी, दर पाच मिनिटांनी ताप, मान आणि पट्ट्यात दोन बोटं जागा. ती जागा चुकली तर जखम नाहीतर गळफास, म्हणून मी घाई करत नाही. एका साहेबांना तेवढ्यात तिच्या शेजारी बसून फोटो हवा होता. बोर अभयारण्याच्या बाजूला सोडली. बागवाल्याला मी छातीठोक सांगितलं होतं, “आता येत नाही.”

बाराव्या दिवशी कोंढाळीजवळ रात्री अमरावती रोड ओलांडून ती सरळ त्याच बागेच्या नाल्यात. चाळीसेक किलोमीटर! ट्रकांच्या त्या रांगेतून कशी गेली, हे चार तासांच्या ठिपक्यांत दिसत नाही.

ओशाळून बागवाल्याला फोन केला.

“माहीत आहे जी. पावलं पाह्यली. राहू द्या.”

हाच माणूस महिनाभर अर्ज घेऊन फिरत होता! म्हणे ती गेल्यापासून डुकरांनी हरभरा उकरून टाकला. मला पटत नाही. बारा दिवसांत डुकरं वाढत नाहीत, आणि मोठ्या डुकराच्या नादी बिबट सहसा लागतही नाही. पिल्लं उचलतो. पण ते मी बोललो नाही. शेळ्या रात्री आत बांधा, एवढंच म्हणालो.

“बांधल्या जी. दाराला जाळीपण लावली.”

जाळी लावा म्हणून आम्ही दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होतो.

तो वनरक्षक परवा भेटला. त्याने पुन्हा विचारलं, “सर, आपलीवाली तरी वापस नेणार का?” अहवाल अजून माझ्याच टेबलावर आहे.