गाणी तीच, मग प्रती तीन कशाला?

घरी आलेल्या माणसाची नजर त्या फळीवर गेली की प्रश्न ठरलेला: स्पाइस गर्ल्स या पाच ब्रिटिश गायिकांच्या गटाचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ तुझ्याकडे तीनदा कशाला? गाणी तर तीच ना? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

हा अल्बम नोव्हेंबर २००७ चा. पाचजणी पुन्हा एकत्र येऊन दौऱ्यावर निघाल्या होत्या, त्याच्या तोंडावर तो आला. निघाला तो तीन रूपांत. एक साधी सीडी, पंधरा गाण्यांची. एक सीडीसोबत व्हिडिओंची डीव्हीडी असलेली. आणि एक बॉक्स सेट, ज्यात या दोन्हींशिवाय रिमिक्सची एक आणि कॅरिओकेची, म्हणजे आपण गायचं अशा नुसत्या संगीताची, एक सीडी. अमेरिकेत तर हा अल्बम सुरुवातीला फक्त व्हिक्टोरियाज सीक्रेटच्या, म्हणजे बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानांत मिळायचा!

साधी सीडी मी सगळ्यात जास्त ऐकलीय. ती पहिल्यापासून, एकही गाणं न गाळता ऐकावी. सुरुवात १९९६ च्या ‘वॉनाबी’ने. मग एकामागून एक ती गाणी, बहुतेक ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलेली. २००० पर्यंतच्या दहा सिंगल्सपैकी, म्हणजे सुट्या विकलेल्या रेकॉर्डपैकी, नऊ पहिल्या नंबरची, एकटं ‘स्टॉप’ दुसऱ्यावर थांबलं. (माझं सगळ्यात लाडकं तेच.) ‘विवा फॉरेव्हर’पर्यंत पाचही आवाज सोबत असतात. पुढची दोन गाणी २००० सालची, त्यांत पाचजणींपैकी गेरी नाही. १९९८ च्या मे महिन्यातच ती गट सोडून गेली होती. तिचा गळा बाकीच्यांइतका तयार नव्हता म्हणतात, पण तो आवाज गेला की गाण्यातला खट्याळपणाच जातो. मग २००७ ची दोन नवी गाणी येतात आणि गेरी परत! वाटतं, आता सगळं जुळलं. तेवढ्यात शेवटचं गाणं लागतं, ‘गुडबाय’. १९९८ च्या नाताळातलं, गेरी गेल्यावर चौघींनी गायलेलं. सालांच्या हिशेबाने ते कितीतरी आधी यायला हवं होतं. पण ते शेवटी ठेवलंय, त्यामुळे परत आलेली गेरी पुन्हा निघून जाते. इतक्या वर्षांनीही तिथे माझा गळा दाटतो.

बॉक्स सेट लंडनच्या मावसबहिणीने आणला. १९९७ मध्ये आम्ही दोघी केबलवर या पोरींची वाट बघत बसायचो. तिने बॅगेतून तो काढला आणि त्याच रात्री कॅरिओकेची सीडी लावली. संगीत सुरू झालं, आणि जिथे त्यांचा आवाज यायचा तिथे रिकामी जागा. आम्ही दोघी, ओळी पाचजणींच्या. मेल बी तिच्याकडे, एमा माझ्याकडे, उरलेल्या जिच्या तोंडात आधी येतील तिच्या. मावशी दोनदा ओरडून गेली, तिसऱ्यांदा आली ती दारातच उभी राहून ऐकत राहिली.

डीव्हीडीवाली प्रत नंतरची. बॉक्समधल्या डीव्हीडीवर ओरखडे पडले, ‘विवा फॉरेव्हर’चा व्हिडिओ अर्ध्यावर अडकायला लागला. मग ती जुन्या सीडींच्या दुकानातून घेतली. पुस्तिकेचा एक कोपरा दुमडलेला आहे, आधी कुणीतरी मनापासून चाळलेली असणार. मी तो तसाच ठेवलाय.

बहीण दिवाळीत येतेय. बॉक्स पुसून ठेवलाय.