मिस्टर बिस्वासचं घर: आधी जिना बघा

व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या कादंबरीवर काही लिहायचं म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘घर हे अस्मितेचं प्रतीक आहे.’ चूक नाही, पण ते निम्म्या कादंबऱ्यांना चिकटवता येतं. कॅरिबियन बेटावरच्या त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचा बिस्वास स्वतःच्या घरासाठी आयुष्यभर धडपडतो. त्याची ही घरं नायपॉलनी गवंड्याच्या नजरेने लिहिली आहेत, वाचावीतही तशीच. प्रत्येक घरापाशी थांबून वहीत तीन गोष्टी टिपा: जमीन कोणाची, पैसा कोणाचा, आणि काय गळतं, काय मोडकं आहे.

हनुमान हाउस म्हणजे बिस्वासच्या सासरच्या तुलसी कुटुंबाचा पांढरा काँक्रीटचा किल्ला. सपाट छताच्या कठड्यावर मारुती. आपल्याकडे मारुती वेशीवर राखणीला असतो, म्हणून मराठी वाचक लगेच ‘संरक्षण’ लिहून मोकळा होतो. मजकूर मात्र वेगळंच सांगतो: धूळ साचल्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो चेहरा जरा भेसूरच वाटतो. बिस्वास इथे घरजावई. (या एका शब्दात आपल्याला जे कळतं, त्यासाठी इंग्रजीत परिच्छेद खर्ची पडतो.) तो मुलीसाठी, सावीसाठी, महागडं बाहुलीघर आणतो आणि त्याची बायको शामाच ते मोडून टाकते. ती दुष्ट आहे म्हणून नव्हे. त्या गोतावळ्यात एकाच पोरीचं वेगळं घर, खेळण्यातलं का असेना, खपण्यासारखं नव्हतं.

ग्रीन व्हेल या ऊसमळ्यावर बिस्वास स्वतःचं घर बांधायला काढतो. मळा तुलसींचा, आणि हातात पैसा तुटपुंजा. म्हणून छताला जुने पत्रे. जुन्या पत्र्यांना खिळ्यांची भोकं. भोकं बुजवायला डांबर. आणि उन्हाने वितळून ते डांबर काळ्या सापांसारखं लोंबू लागतं. पुष्कळजण थेट सापांवर उडी मारतात आणि भीती, अंधार, अवचेतन असं काहीबाही लिहितात. ही साखळी गाळली की साप हवेत राहतात. बिस्वासचं मन ढासळतं ते याच अर्धवट, उसन्या छपराखाली.

शेवटचं घर राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधल्या सिक्किम स्ट्रीटवरचं, आणि ते प्रोलॉगमध्ये, म्हणजे कादंबरीच्या सुरुवातीलाच येतं. डोक्यावर ३,००० डॉलरचं कर्ज, व्याज ८ टक्के, म्हणजे महिन्याला २० डॉलर. वर जागेचं भाडं १० डॉलर. घर त्याचं, जमीन नाही! जिना धोकादायक, वरचा मजला खचलेला, मागचं दार नाही, बहुतेक खिडक्या लागत नाहीत. मुद्दा जिन्यातच आहे. खरेदीपूर्वी तो बिस्वासच्या लक्षातच येत नाही. पुढे बिस्वासच्या साडूचं, टटलचं कुटुंब पाहायला येतं, तेही फसतं, आणि मग घरची माणसं पाहुण्यांच्या डोळ्यांनी आपलं घर बघू लागतात, दोष विसरतात. ‘स्वप्नपूर्ती’ किंवा ‘फसवणूक’ यातलं एकच उत्तर निवडलं की हा भाग हातून निसटतो. नायपॉल दोन्ही गोष्टी त्याच खचलेल्या मजल्यावर उभ्या करतात.

शेवटचं पान वाचताना विशेषण सोडू नका. बिस्वासच्या अंत्यविधीनंतर तुलसी बहिणी आपापल्या घरी जातात. शामा आणि मुलं मोटारीने परततात ती ‘रिकाम्या’ घरात.